बीबीचा अंबा आणि आईचं लोणचं

आईच्या हातच्या लोणच्याला "नको" म्हणणारा माणूस मला आयुष्यात एकदाच भेटला, आणि तो नेमका माझा टेक लीड निघाला.

झालं असं, की गेल्या वर्षी पहिल्यांदाच ऑनसाईटला गेलो. न्यू जर्सी, सहा महिने. तेवीस किलोच्या बॅगेत किमान पाच किलो आईने खाण्याचं कोंबलेलं. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, आणि तीन पिशव्यांत गुंडाळून, वरून सेलोटेप मारून, कैरीच्या लोणच्याची बरणी. बरणी म्हणजे कुठल्यातरी जॅमची धुतलेली बाटली. आमच्याकडे काचेची बाटली टाकून देणं हे पाप आहे.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी हापिसच्या पॅन्ट्रीत गेलो तर टेक लीड डबा उघडून बसलेला. पिटा ब्रेड, त्यात तळलेल्या वांग्याच्या चकत्या, उकडलेलं अंडं, काकडी-टोमॅटो, वरून तिळाची पातळ चटणी आणि त्याच्याही वर पिवळंधमक काहीतरी. त्या पिवळ्याचा वास आला आणि मी जागेवरच थांबलो. हळद, मेथी, मोहरी, कैरी! पुण्यातल्या आमच्या घरी माळ्यावर बरण्या असतात तिथला वास, डिट्टो.

"हे काय आहे?"

"अंबा," तो म्हणाला.

मला वाटलं गडी माझी चेष्टा करतोय. "आंबा? हा आमचा शब्द आहे."

"हा माझ्या आजीचा शब्द आहे," तो म्हणाला, आणि शांतपणे पुढचा घास घेतला.

म्हटलं वा! दुसऱ्या दिवशी उत्साहाने बरणी घेऊन गेलो. त्याने ती हातात घेतली, गोल फिरवून बघितली, झाकण उघडून डोळे मिटून वास घेतला. मग झाकण लावून परत माझ्या हातात दिली. "मला चालणार नाही. सॉरी. मी कोशर पाळतो."

"अरे, पण शंभर टक्के शाकाहारी आहे!"

"माहितीये. तरीपण."

खोटं कशाला बोला, मला राग आला. सहा महिने पुरवायचं म्हणून दर जेवणाला एकच फोड खात होतो मी, आणि त्यातलं याला देऊ केलं! आईला फोनवर यातलं काही सांगितलं नाही. पण राग आला की मी वाचतो (इंजिनिअरिंगला असतानापासूनची सवय आहे, तेव्हा अभ्यास सोडून सगळं वाचायचो). पुढचे चार-पाच वीकेंड याच विषयात गेले. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवतोय.

आधी नियम

'कोशर' हा मूळ हिब्रू शब्द. अर्थ 'योग्य', 'चालण्याजोगं'. ज्यू लोकांचे खाण्याचे नियम तोरा या त्यांच्या धर्मग्रंथातून येतात, आणि पुढे दोनेक हजार वर्षं धर्मपंडितांनी त्यावर चर्चा करून करून त्यांची भलीमोठी संहिता बनवली. थोडक्यात सांगायचं तर:

रवंथ करणारा आणि खूर दुभंगलेला, असा दोन्ही अटी पुऱ्या करणारा प्राणीच चालतो. म्हणजे बकरा चालतो, गाय चालते. डुकराचा खूर दुभंगलेला असतो पण ते रवंथ करत नाही, म्हणून बाद. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत. रक्त अजिबात नको. त्यासाठी मटण अर्धा तास पाण्यात ठेवायचं, मग तासभर जाड मिठात, मग तीनदा धुवायचं. (अमेरिकेत दुकानात जे जाड 'कोशर सॉल्ट' मिळतं त्याचं नाव यावरून पडलंय. मी आधी समजत होतो की ते काहीतरी मंतरलेलं मीठ असेल.)

आणि सगळ्यात मोठा नियम: मांस आणि दूध एकत्र नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये अशी आज्ञा तोरामध्ये तीनदा आलीये. पंडितांनी त्यातून अर्थ काढला की शिजवायचं नाही, एकत्र खायचंही नाही आणि त्यातून फायदाही घ्यायचा नाही. त्यामुळे कट्टर घरात भांडी दोन सेट, ताटल्या दोन सेट, जमलं तर सिंकही दोन. मटण खाल्लं की दूध-दही खाण्याआधी थांबायचं. पूर्व युरोपातले बरेच जण सहा तास थांबतात, जर्मन परंपरेत तीन, डच परंपरेत एक. स्पेसिफिकेशन एकच, इम्प्लिमेंटेशन प्रत्येकाचं वेगळं :)

आता उरतात ते पदार्थ जे दुधातही नाहीत आणि मांसातही नाहीत. भाज्या, फळं, धान्य, अंडी, मासे, तेल. यांना 'पार्वे' म्हणतात. यांतले बहुतेक कशाहीबरोबर चालतात, आणि आपल्या गोष्टीत हा शब्द फार महत्त्वाचा आहे. विचार करा ना. कबाबबरोबर दह्याची चटणी नाही. चिकनवर लोणी नाही. ग्रेव्हीत साय नाही. मग जेवणाला चव आणणार कशाने? आंबट, तिखट, खारट अशा पार्वे बाटल्यांनी! म्हणून कोशर स्वयंपाकघराचं फडताळ हे एक वेगळंच प्रकरण असतं. पूर्व युरोपातल्या ज्यूंकडे किसलेल्या हॉर्सरॅडिशची बीट घातलेली लाल चटणी, जी नाकातून थेट मेंदूत जाते. येमेनच्या ज्यूंकडे हिरव्या मिरची-कोथिंबिरीचं 'झूग' आणि मेथीचं 'हिल्बे'. आणि इराकच्या ज्यूंकडे अंबा.

अंबा बगदादला कसा गेला

टेक लीडच्या आजीचा जन्म बगदादचा. तिला तो 'बीबी' म्हणतो, इराकी ज्यूंमध्ये आजीला तसं म्हणतात. आणि अंबा हा शब्द इराकी बोलीत आपल्या 'आंबा'वरूनच गेलाय. फळाचा नव्हे, लोणच्याचा शब्द म्हणून. इराकात आंब्याची झाडं कुठली? तिथे आंबा पोचला तो मिठात मुरलेला.

हा प्रवास समजून घ्यायला फार लांब जायची गरज नाही, पुणेकरांनी कॅम्पात चक्कर मारली तरी पुरे. लाल देऊळ माहीत असेलच. लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं. त्याचं खरं नाव ओहेल डेव्हिड सिनेगॉग, बांधून पूर्ण झालं १८६७ साली. ते बांधायला घेणारा डेव्हिड ससून आवारातच चिरनिद्रा घेतोय. ससून हॉस्पिटलवाले, ससून डॉकवाले, ते हेच घराणं. डेव्हिडचा जन्म १७९२ चा, बगदादचा. घराणं तिथलं बडं, सरकारी खजिन्याशी जोडलेलं. पुढे दाऊद पाशाच्या जाचामुळे त्याला शहर सोडून पळावं लागलं. इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहरला काही काळ काढून १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मुंबईत आला. कापूस, अफू (हो, अफू. चीनमधल्या अफूच्या धंद्यात हे घराणं मोठं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही), मग गोद्या, गिरण्या. त्याच्यामागोमाग बगदाद आणि बसऱ्याहून कितीतरी ज्यू कुटुंबं मुंबई-पुण्याला आली. १८६४ साली डेव्हिड वारला तो पुण्यातच.

इराकी ज्यूंमध्ये एक गोष्ट सांगतात, की मुंबईच्या ससून घराण्यातल्या कुणाला तरी आंबे इतके आवडले की त्याने ते व्हिनेगरच्या पिंपांत भरून बसऱ्याला आपल्या माणसांकडे पाठवले. आणि झालं, अंबा जन्मला. गोष्ट छान आहे, पण दंतकथाच म्हणायची. मुंबई आणि बसरा यांच्यात ससूनच्या कितीतरी आधीपासून गलबतं जात-येत होती. तिकडून खजूर यायचा, इकडून मसाले आणि कापड जायचं. अशा एखाद्या गलबतावर लोणच्याची बरणी चढवायला शेटजी कशाला लागतो? एखादा कारकूनही पुरेल, ज्याच्या आईने बॅग भरलीये.

काही असो, बगदादमध्ये अंबा रुजला, आणि फक्त ज्यूंमध्ये नाही. आजही इराकात, सौदीच्या हिजाझ भागातही लोक तो आवडीने खातात. पण ज्यू घरांत त्याला एक खास जागा मिळाली, आणि त्याचं कारण पुन्हा नियमातच आहे.

शनिवार हा शब्बाथ. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत चूल पेटवायची नाही, स्वयंपाक करायचा नाही. मग काय करायचं? शुक्रवारी दुपारी मोठ्या पातेल्यात भात भरलेली कोंबडी मंद आचेवर ठेवून द्यायची. त्याला म्हणतात 'तबीत'. झाकणावर अंडी ठेवायची, ती रात्रभर हळूहळू शिजून तपकिरी होतात. वांगी शुक्रवारीच तळून ठेवायची. शनिवारी सकाळी प्रार्थना करून घरी आलं की ती गार वांगी, ती अंडी, भाकरीसारखी रोटी आणि सोबत अंबा. सगळं शिळं, सगळं गार. या ताटात जिवंत चव एकट्या लोणच्याची. आपल्याकडे शिळासप्तमीला गार जेवण असतं तेव्हा पानात लोणचं नसेल तर काय होईल, कल्पना करा. इथे तर दर आठवड्याला शिळासप्तमी!

मग २० व्या शतकात सगळं उलटंपालटं झालं. जून १९४१ मध्ये बगदादमध्ये ज्यूंविरुद्ध दंगल झाली. दोन दिवसांत शेकड्याने माणसं मेली, घरं लुटली गेली. तिला 'फरहूद' म्हणतात. १९४८ साली इस्राएल झालं, युद्ध झालं आणि इराकमधल्या ज्यूंना राहणं अवघड झालं. मार्च १९५० मध्ये इराकने कायदा केला की नागरिकत्व सोडा आणि जा. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांची मालमत्ता गोठवली. १९५०-५१ च्या विमानफेऱ्यांत सुमारे १ लाख २० हजार माणसं निघून गेली. अडीच हजार वर्षांची वस्ती साधारण दोन वर्षांत रिकामी! बरोबर काय न्यायचं? थोडे पैसे आणि एका माणसाला उचलेल एवढं सामान.

बीबी त्यातलीच. वय वर्षं अकरा. सामानात लोणचं होतं का, असं मी टेक लीडला विचारलं. तो म्हणाला, "लोणचं नव्हतं. पण तिच्या आईला ते करता येत होतं."

इस्राएलमध्ये आधी तंबू आणि पत्र्याच्या छावण्या, त्यात रेशनचे दिवस. मग बरेच इराकी ज्यू तेल अवीवला लागून असलेल्या रामत गानमध्ये स्थिरावले. तिथे १९६१ साली साबिह हलाबी नावाच्या, इराकमध्येच जन्मलेल्या माणसाने बस थांब्याजवळ टपरी टाकली आणि शब्बाथ सकाळची ती वांगी, ती अंडी, तो अंबा, सगळं पिटामध्ये भरून विकायला लागला. त्याच्या नावावरून त्याला 'सबिह' म्हणायला लागले, असं मानतात. (अरबीत सकाळला 'सबाह' म्हणतात, त्यावरून नाव पडलं असंही काही जण सांगतात.) आज तेल अवीवमध्ये सबिह म्हणजे आपला वडापाव समजा. आणि त्यावर अंबा घालू का, असं टपरीवाला विचारतोच, कारण मेथीचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत अंगाला येतो, त्यावरून तिकडे लोक विनोद करतात.

तर आमच्या पॅन्ट्रीतला तो डबा हा असा मुंबई, बसरा, बगदाद, रामत गान करत जर्सीला आला होता.

माशांची परीक्षा

इथवर वाचल्यावर मला आपल्याच घरची माणसं आठवली. कोकणातले बेने इस्राएल. अलिबाग, पेण, पनवेल, मुरूड या पट्ट्यात शतकानुशतकं राहिलेले, मराठी बोलणारे ज्यू. गावाच्या नावावरून आडनावं घेणारे: पेणकर, केहिमकर, नवगावकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ बुडाले, हिब्रू विसरली, उरले ते शनिवार, सुंता, काही सण आणि खाण्याचे नियम.

त्यांच्यात सांगितली जाणारी एक कथा मला फार आवडली. डेव्हिड राहबी नावाचा एक ज्यू माणूस बाहेरून कोकणात आला. (इतिहासकार याचा संबंध कोचीनच्या १८ व्या शतकातल्या राहबी घराण्याशी लावतात.) हे लोक खरंच ज्यू आहेत का ते त्याला बघायचं होतं. त्याने ग्रंथ उघडला नाही, पुरुषांना प्रश्न विचारले नाहीत. त्याने बायकांना टोपलीभर मिश्र मासे दिले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे ठेवले, बाकीचे बाजूला काढले. आम्ही हे खात नाही, म्हणाल्या. राहबीची खात्री पटली.

विचार करा, कोकणात राहून कोळंबी नाही, चिंबोऱ्या नाहीत, तिसऱ्या नाहीत, मुशी नाही! शेजारच्या घरातून कोळंबीच्या कालवणाचा वास येत असताना. आणि का नाही, हे सांगणारं पुस्तक घरात नसताना. आईने काढून टाकलेले मासे बघून मुलगी शिकली, तिचे बघून तिची मुलगी.

मांस आणि दुधाचा प्रश्न बेने इस्राएलांनी कसा सोडवला? आमच्या भाषेत सांगायचं तर लोकल लायब्ररी वापरून. नारळाचं दूध! दिसायला दूध, चवीला दूध, पण पार्वे. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध. रोश हशानाला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला. म्हणजे मटणावर हात मारून लगेच गोड खायला मोकळे, सहा तासांची भानगड नाही. जोडीला चिंच आणि कोकम. कायदा वाळवंटातला, फडताळ अष्टागरातलं. १८७४ साली पुण्यात छापलेल्या त्यांच्या मराठी हग्गादामध्ये (वल्हांडण सणाची पोथी) साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करतानाचं चित्र आहे. ते बघितलं की सगळं एका फटक्यात कळतं.

पण ही गोष्ट इतकी गोड राहत नाही. मुंबई-पुण्यात आलेले बगदादी ज्यू बेने इस्राएलांना पूर्ण ज्यू मानायला कचरत होते. हो, तेच अंबावाले. आणि पुढे बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले तेव्हा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठाने सूचना काढल्या, की यांचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं असेल तर आधी पिढ्यांची चौकशी करा. आपल्या कोकणातल्या माणसांनी १९६४ साली जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्टमध्ये संसदेत चर्चा झाली, सरकारने त्यांना सर्व बाबतीत पूर्ण ज्यू म्हटलं, आणि धर्मपीठाला त्या सूचनांमधून त्यांचं नाव काढावं लागलं.

टोपलीभर माशांवर राहबीची खात्री पटली होती. दीड-दोनशे वर्षांनी कागद मागायला लागले. हे वाचताना मला राहून राहून माझी बरणी आठवत होती. कारण तिच्यावरही कागद नव्हता, बरोबर?

बाटलीवरचा गोल

आता अमेरिकेकडे. घरी गेल्यावर केचपची बाटली उलटसुलट करून बघितली. एका कोपऱ्यात बारीक गोल आणि गोलात 'यू' हे अक्षर. आयुष्यभर मी हे ट्रेडमार्कचं काहीतरी असेल असं समजत होतो. हे कोशरचं चिन्ह. त्यातला गोल म्हणजे 'ओ' आणि आत 'यू', न्यूयॉर्कच्या ऑर्थोडॉक्स युनियन या १८९८ सालच्या संस्थेचं. १९२० च्या दशकात त्यांनी कारखान्यांना प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या मोठ्या गिऱ्हाइकांत केचपवाली हाइन्झ कंपनी होती, त्यांचे डबाबंद शाकाहारी बीन्स. चिन्हात हिब्रू अक्षर नाही, कोशर हा शब्द नाही. ज्याला बघायचंय त्याला दिसतं, बाकीच्यांच्या नजरेला येतच नाही.

हे लागलं का? तर घरात केलेल्या पदार्थात काय आहे हे करणारीला माहीत असतं. कारखान्याच्या पदार्थात काय आहे हे फक्त कारखान्याला माहीत. सगळ्यात झकास उदाहरण कोका-कोलाचं. अटलांटामध्ये टोबायस गेफेन नावाचे रब्बाय होते, मूळ लिथुआनियाचे. कोला चालतो का, असं लोक त्यांना विचारायचे. आता कोलाचा फॉर्म्युला म्हणजे जगातलं प्रसिद्ध गुपित. पण कंपनी त्यांच्याच गावची. कुणाला सांगणार नाही या अटीवर कंपनीने त्यांना घटकांची यादी दाखवली. त्यात सापडलं ग्लिसरीन, जनावराच्या चरबीपासून काढलेलं. प्रमाण अगदी नगण्य. ज्यू कायद्यात चुकून पडलेली निषिद्ध वस्तू एकसाठांशाहून कमी असेल तर माफ असते. पण गेफेन म्हणाले, इथे चुकून कुठे पडलंय? तुम्ही मुद्दाम घालताय. मग माफी नाही! शेवटी कंपनीने वनस्पती तेलापासून काढलेलं ग्लिसरीन वापरायला घेतलं, आणि १९३५ साली गेफेननी लेखी निर्णय दिला की चालेल. त्या निर्णयात गुपित फुटू नये म्हणून ग्लिसरीनला चक्क सांकेतिक नाव दिलं. जगातला पहिला एनडीए पाळणारा कोड रिव्ह्यू म्हणायला हरकत नाही :)

तुपाचीही तीच तऱ्हा. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू बायका कोंबडी-बदकाची चरबी कढवून वापरायच्या, तिला 'श्माल्झ' म्हणतात. पण ती मांसात मोडते, म्हणजे दुधाच्या पदार्थात चालत नाही. लोणी मटणात चालत नाही. १९११ साली सरकीच्या तेलापासून केलेलं 'क्रिस्को' बाजारात आलं, आपल्या डालड्याचं चुलत भावंडं. हे कशातही चालतं! ज्यू लोक चार हजार वर्षं याचीच वाट बघत होते, अशा थाटाची जाहिरात कंपनीने केली, आणि १९३३ मध्ये ज्यू गृहिणींसाठी यिडिश-इंग्रजी पाककृतींचं पुस्तकही काढलं.

आणि हो, शाकाहारी म्हणजे कोशर नव्हे, हेही इथेच कळलं. द्राक्षाच्या व्हिनेगरला वेगळे नियम. तेल कुठल्या यंत्रातून आलं, त्याआधी त्यातून काय गेलं होतं, हा प्रश्न. मसाला दळला कुठे? लोणचं कालवलं ते पातेलं आधी कशाला वापरलं होतं? आमच्या घरी मटण शिजत नाही, पण टेक लीडला ते कसं माहीत असणार? त्याने माझ्या आईला कधी पाहिलंय?

तेव्हा कुठे माझा राग गेला. एरवी आपल्या मनात सोवळं येतं ना. माझी आजी लोणच्याच्या बरणीला कुणाकुणाला हात लावू द्यायची नाही, आणि 'कुणाकुणाला' यात काय काय यायचं ते आठवलं की आज लाज वाटते. त्यामुळे "चालणार नाही" ऐकलं की माझ्या कानाला तेच ऐकू आलं. पण त्याला आईच्या हाताचा प्रश्न नव्हता, पातेल्याचा होता. (द्राक्षाच्या दारूबाबत त्यांच्यातही हाताचा नियम आहे, त्यामुळे आपण फार सरळ रेघ ओढू नये.) बगदादच्या गल्लीत बीबीच्या आईच्या बरणीवर कुठे शिक्का होता? नव्हता, कारण गल्ली तिला ओळखत होती. शिक्का लागतो तो अनोळखी माणसांत.

शेवट

यानंतर मीच त्याला विचारलं. "तुझ्या घरी, तुझ्या पातेल्यात केलं तर?"

एका रविवारी ओक ट्री रोडवरच्या देसी दुकानातून कैऱ्या घेतल्या. तेल, हळद सगळं त्याने आणलं, गोलात यू बघून बघून. त्याच्या स्वयंपाकघरात खरंच दोन सिंक होते. फोडी केल्या, मीठ लावून चार दिवस त्याच्या गॅलरीत उन्हात ठेवल्या. मग मसाला कालवायच्या दिवशी आईला व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात रात्रीचे साडेदहा.

"मेथी किती, विचार," टेक लीड म्हणाला.

"अंदाजाने," आई म्हणाली.

हे मी भाषांतर करून सांगितलं तर तो इतका हसला की विचारू नका. बीबीसुद्धा हेच म्हणायची म्हणे. ती तीन वर्षांपूर्वी गेली, आणि मेथी किती ते कुणीच लिहून ठेवलं नाही. त्याचा डब्यातला अंबा दुकानातला होता, शिक्क्याचा. घरी केलेला त्याने त्या दिवसानंतर पहिल्यांदा खाल्ला.

आईने मग त्याला थेटच हिंदी-इंग्रजी-मराठीत सूचना द्यायला सुरुवात केली. मेथी तळताना काळी होऊ देऊ नकोस बाळा, कडू होईल. त्याला 'बाळा' कळलं नाही, पण मेथी बरोबर तांबूस असताना काढली त्याने. व्हिनेगर न घालता लिंबू पिळलं.

बरणीवर त्याने टेप लावला आणि मार्करने तारीख आणि 'पार्वे' असं लिहिलं. अर्धी मला दिली. ती मी कुणालाही न देता पुण्याला परत आणली.

आईने चमच्याच्या टोकाने चाखून बघितलं. थोडा वेळ काही बोलली नाही.

"मेथी जरा जास्तच झालीये," म्हणाली. "पण त्यांना तशीच लागत असेल."

असो. पुढच्या शनिवारी लाल देवळात जायचं डोक्यात आहे. बघायला आधी परवानगी लागते, त्यामुळे कुणाला बरोबर यायचं असेल तर लवकर कळवा.